79 पौंडांचा ईआयसीआर आणि 285 पौंडांचा ईआयसीआर : कॉव्हेंट्रीतल्या एका घरमालकाचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, नावं लिहिणार नाहीये. पहिल्याचं लिहिलं तर तो भांडायला येईल, आणि दुसऱ्याचं लिहिलं तर तुम्ही सगळे त्याला फोन लावाल आणि पुढच्या वेळी मलाच तारीख मिळायची नाही. पण इकडे यूकेत आपली बरीच मंडळी आता घर घेऊन खोल्या स्टुडंट्सना देतायत, आणि गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला विचारलं की "ईआयसीआर कुठून स्वस्तात करून मिळेल" (ईआयसीआर म्हणजे घराच्या वायरिंगच्या तपासणीचा रिपोर्ट), म्हणून हे लिहायला बसलोय. स्वस्तात मी करून घेतला होता. त्याचीच ही स्टोरी.

घर अर्ल्सडनच्या बाजूला, जुनं टेरेस घर, पाच खोल्या, पाच जण. दोन आपले (एक नाशिकची, एक नागपूरचा), दोन हैदराबादकडचे, एक नायजेरियाचा. म्हणजे पाच माणसं, एकमेकांशी नातं नाही, किचन-बाथरूम कॉमन, त्यामुळे एचएमओ (हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन, वेगवेगळ्या कुटुंबांतली माणसं एकत्र राहतात ते भाड्याचं घर), आणि पाच किंवा जास्त जण झाले की कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, लायसन्स लागतंच. पाच धरून हां, पाच म्हणजे "पाचच तर आहेत" नाही. 2018 च्या ऑक्टोबरपासून मजल्यांची अट पण गेली, आधी तीन मजले असतील तरच लागायचं. काही कौन्सिलांनी तीन-चार जणांच्या घरांना पण लायसन्स लावलंय, ते आपापलं बघून घ्या.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ईआयसीआर म्हणजे घराच्या फिक्स वायरिंगचं चेकिंग. फ्यूजबॉक्स, सॉकेट, दिवे, शॉवर, अर्थिंग हे सगळं. इंग्लंडमध्ये 2020 च्या नियमांनी खाजगी भाड्याच्या जवळजवळ सगळ्याच घरांना ते पाच वर्षांतून एकदा कंपल्सरी केलं, नवीन भाडेकरूंसाठी 1 जुलै 2020 पासून आणि जुन्यांसाठी 1 एप्रिल 2021 पासून. एचएमओला तर हा पाच वर्षांचा नियम 2006 पासूनच होता. दंड मूळ नियमात 30 हजार पौंडांपर्यंत. तुम्ही स्वतः त्याच घरात राहून एखादी खोली लॉजरला देत असाल तर हा 2020 वाला नियम तुम्हाला लागत नाही, हे पण सांगून ठेवतो कारण लंडनकडचे स्लाव-हाउन्स्लोवाले बरेच जण त्यातच मोडतात. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत.

तर पहिला माणूस. ऑनलाइन जाहिरात, "लँडलॉर्ड सर्टिफिकेट 79 पौंड, सेम डे". मी सोलिहलला राहतो, ऑफिस बर्मिंगहॅमला, त्या दिवशी मीटिंगा, म्हणून स्वतः गेलो नाही. पोरांना आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज टाकला की उद्या इलेक्ट्रिशियन येणारे (24 तास आधी कळवावंच लागतं, लेखी), आणि संध्याकाळी ईमेलमध्ये रिपोर्ट हजर. "सॅटिस्फॅक्टरी". सतरा पानं. मी खूश. बायकोला म्हटलं बघ, लोक उगाच तीनशे पौंड घालवतात. पीडीएफ फोल्डरमध्ये टाकली, पाचही जणांना पाठवली, विषय संपला.

जानेवारीत नाशिकच्या पोरीचा मेसेज आला, "काका, बाथरूममध्ये मासळी जळल्यासारखा वास येतोय". (मी एक्केचाळीसचा आहे. काका म्हणू नका असं दोनदा सांगून झालंय.) मी म्हटलं वरच्या खोलीतला कोणीतरी काहीतरी शिजवत असेल. तर तिने फोटो पाठवला. शॉवरची ती छतावरची दोरीवाली स्विच असते ना, ओढायची, तिच्या पांढऱ्या प्लास्टिकवर एका बाजूने चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. आणि कडेला प्लास्टिक जरा वितळून खाली लोंबलेलं, मेणबत्तीसारखं. ते पाहून मात्र माझ्या पोटात गोळा आला. साडेनऊ किलोवॅटचा शॉवर आहे तो, चाळीसेक अँपिअर ओढतो, दिवसाला पाच जणांच्या अंघोळी. लगेच फोन केला, शॉवरचं एमसीबी पाडायला सांगितलं आणि चार दिवस बिचारी सगळी युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये अंघोळीला गेली.

त्या रात्री मी सतरा पानांचा तो रिपोर्ट पहिल्यांदा वाचला. हो, पहिल्यांदा. हसू नका, तुमच्यातले किती जण वाचतात ते मला माहितीये.

फ्यूजबॉक्समध्ये नऊ सर्किट आहेत, रिपोर्टमध्ये आठ. शॉवरचं एमसीबी 40 चं आहे, रिपोर्टमध्ये 32. इन्सुलेशनचं रीडिंग (वायरीचं कव्हर करंट किती अडवतं ते) आठही ओळींत सेम टू सेम, एक आकडा इकडचा तिकडे नाही, कॉपी-पेस्ट. जुन्या घराच्या आठ वायरी आणि आठांचं एकच रीडिंग, म्हणजे आठ जणांचं बीपी एकदम 120-80 निघाल्यासारखं. आणि आरसीडी (करंट गळला की लाइट तोडणारी स्विच, आपल्याकडे ज्याला ईएलसीबी म्हणायचे त्याचा भाऊ) किती मिलिसेकंदात पडते तेही लिहिलेलं.

इथे माझी ट्यूब पेटली. आरसीडीची टेस्ट घेतली की ती पडते, पडली की त्यावरचे सॉकेट बंद, सॉकेट बंद की वायफाय बंद. इन्सुलेशनची टेस्ट तर 500 व्होल्ट सोडून घेतात, त्यासाठी लाइट घालवावीच लागते. आणि माझ्या घरातलं वायफाय दोन मिनिटं गेलं तरी ग्रुपवर चौदा मेसेज येतात. मी त्या तारखेचा ग्रुप उघडला. दिवसभरात एकच मेसेज, तोही फ्रिजमधलं दही कोणी खाल्लं यावरून. नागपूरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "दादा, तो अर्धा-पाऊण तास होता, फ्यूजबॉक्सचे फोटो काढले, किचनमध्ये दोन सॉकेटात काहीतरी घालून बघितलं, आणि गेला ना." झालं. 79 पौंडात फोटो मिळाले होते.

त्याला फोन केला तर म्हणे व्हिज्युअल बघितलं होतं, तेव्हा स्विच चांगली होती, नंतर खराब झाली असेल. असेलही, नाही म्हणत नाही. पण नववं सर्किट नंतर उगवलं का, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग इलेक्ट्रिशियनांच्या रजिस्टरवर त्याचं नाव शोधलं (एनआयसीईआयसी, नॅपिट या त्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थांच्या साइटवर कोणीही शोधू शकतं), नाव आहे, पण घरगुती नवीन कामांसाठी. चेकिंग-टेस्टिंगच्या यादीत नाही. हे मी आधी दोन मिनिटांत बघू शकलो असतो, नाही बघितलं. आणि मुद्दा असाय की "क्वालिफाइड माणूस" लावायची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. त्याने फसवलं म्हणून मी सुटत नाही. पहिल्याला एक स्टार, तोही साइट शून्य देऊ देत नाही म्हणून.

आता दुसरा. ऑफिसमधल्या एकाने नंबर दिला, साठीच्या आसपासचे सरदारजी, जन्म कॉव्हेंट्रीचाच, आम्ही पाजी म्हणतो. फोनवर पहिला प्रश्न, "कितने सर्किट हैं?" मी म्हटलं नऊ. "घर खाली है या लोग हैं?" पाच जण आहेत. "तो पूरा दिन लगेगा, चार घंटे लाइट जाएगी, बच्चों को बता दो." 285 पौंड. आणि म्हणाले, आधीचा रिपोर्ट पाठवा. पाठवला. उत्तरात फक्त एक स्मायली आली.

या वेळी मी सुट्टी टाकून हजर राहिलो आणि सांगतो, एकदा तरी उभं राहून बघा. साडेनऊला मेन स्विच बंद. त्याआधी अर्धा तास ते नुसते घरभर फिरले, काही उघडलं नाही, फक्त बघत आणि वास घेत. खरंच वास, सॉकेटला नाक लावून. मग गॅस मीटरच्या कपाटात हात घालून पिवळ्या-हिरव्या वायरीचा क्लॅम्प पकडला आणि दोन बोटांनी गोल फिरवला. तो फिरायला नको असतो. गॅसच्या पाइपला ती वायर घट्ट आवळलेली हवी, म्हणजे कुठे फॉल्ट झाला तर पाइपातून करंट लागत नाही. "ये पकड़ के खड़ा है, काम नहीं कर रहा," म्हणाले. आमच्या ऑफिसात असे बरेच आहेत.

शॉवरची स्विच खोलली तर आत एका टर्मिनलचा स्क्रू ढिला. बाकी काही नाही, एवढंच. ढिल्या जागी वायर तापते, तापली की तांबं आणखी ढिलं होतं, पुन्हा तापते. वायरीचं वरचं कव्हर बोटभर काळं पडून कडक झालेलं, वाकवलं तर पापडासारखं तुटलं.

मग खरी गंमत. किचनच्या सॉकेटच्या सर्किटचं इन्सुलेशन किमान एक मेगाओहम यायला पाहिजे, आलं 0.4. पाजींनी पुन्हा लावलं, पुन्हा 0.4. सगळी उपकरणं काढली, तरी तेच. रिपोर्टमध्ये त्याला एफआय, म्हणजे अजून तपास करा. नंतर दुरुस्तीच्या दिवशी अर्धा-अर्धा भाग सोडवत शोधलं तर भिंतीत एका ठिकाणी स्क्रूने वायर सोललेली. कोणता स्क्रू? दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी स्वतः मसाल्याच्या डब्यांसाठी फळी ठोकली होती, तिचा. सॉकेटच्या सरळ वर. पाजी काही बोलले नाहीत, फक्त फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. सॉकेटच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत वायर जाते, तिथे ड्रिल मारायचं नसतं, हे आता तुम्हालाही कळलं.

निकाल : "अनसॅटिस्फॅक्टरी". दोन सी 2 (शॉवर आणि गॅसचा क्लॅम्प), एक एफआय, चार सी 3. हे कोड लक्षात ठेवा कारण इथेच लोकांना गंडवलं जातं. सी 1 म्हणजे आत्ता धोका आहे, माणूस जायच्या आधी ते सेफ करायचं. सी 2 म्हणजे धोका होऊ शकतो. एफआय म्हणजे शोधा. या तिघांपैकी एकही असेल तर रिपोर्ट नापास आणि काम करावंच लागतं. सी 3 म्हणजे नुसती शिफारस, केलं तर चांगलं, नाही केलं तरी पास. माझा फ्यूजबॉक्स प्लास्टिकचा आहे, 2016 पासून घरांत नवीन बसवायचा तर पत्र्याचा किंवा न जळणारा लागतो, पण जुना प्लास्टिकचा आहे एवढ्याच कारणाने नापास होत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाला असंच "कायदा बदललाय, बॉक्स बदलावाच लागेल" सांगून सातशे पौंड काढले. पाजींनी सरळ सांगितलं, 620 लागतील, गरज आज नाही, उन्हाळ्यात घर रिकामं असेल तेव्हा करा. हाच माणूस त्या दिवशी मला घाबरवून 620 घेऊ शकत होता आणि मी हसत दिले असते, इतका मी टरकलो होतो. दुरुस्तीचे 340 झाले.

रिपोर्टमध्ये नसलेलं पण त्यांनी दाखवलेलं, ते मला जास्त लागलं. नागपूरवाल्याच्या खोलीत पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला एक्स्टेंशन बोर्ड, गोल पिनांचा, त्यावर अॅडॉप्टर, त्यावर दोन किलोवॅटचा हीटर. इथल्या प्लगमध्ये फ्यूज असतो, आपल्या बोर्डात आणि त्या दहा रुपयांच्या अॅडॉप्टरमध्ये नाही, आणि भिंतीमागे 32 अँपिअरचं सर्किट. म्हणजे ती बारीक वायर पेटेपर्यंत मागचं एमसीबी ढिम्म. मी पोराला झापायला तोंड उघडलं तेवढ्यात पाजी म्हणाले, "हीटर क्यों लाया, ये पूछो." विचारलं. तर उत्तर असं की हीटिंग रात्री दहाला बंद होतं. टायमर कोणी लावला? मी. बिल माझ्याकडे आहे ना, म्हणून दहाला बंद. पाच खोल्यांपैकी तीन खोल्यांत हीटर निघाले! टायमर काढला, थर्मोस्टॅट 19 वर ठेवला, हीटर जमा केले. खरं सांगतो, विजेचं बिल कमी आलं, गॅसचं वाढलं, गोळाबेरीज जवळपास तिथेच.

किचनमध्ये तेच. एका एक्स्टेंशनवर केटल, एअर फ्रायर, दोन राइस कुकर. केटल एकटी तीन किलोवॅट, 13 चा फ्यूज तेवढ्यानेच भरतो. आणि थोडासा जास्त लोड असेल तर फ्यूज लगेच उडत नाही, बराच वेळ तग धरतो आणि तेवढ्यात प्लग भाजतो, त्या प्लगला हात लावून बघितला तर भाकरीच्या तव्याच्या कडेसारखा. पाच जणांच्या किचनला चार सॉकेट देणारा मीच, मग एक्स्टेंशनचा दोष कोणाचा? दोन डबल सॉकेट वाढवून घेतले. आणि खाली जिन्याजवळ डिलिव्हरी करणाऱ्या पोराची ई-बाइक चार्जिंगला, रात्रभर. ती लिथियमची बॅटरी पेटली तर सगळ्यांचा बाहेर पडायचा रस्ता तोच. ती मागच्या शेडमध्ये हलवली, तिथे सॉकेट काढून दिलं. पोराने तोंड वाकडं केलं, करू दे.

एक आठवण आली. पुण्यात सदाशिव पेठेत मी कॉट बेसिसवर राहायचो तेव्हा गीझरचा नळ झिणझिण्या द्यायचा. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "स्लीपर घालून अंघोळ करत जा." आम्ही तीन वर्षं स्लीपर घालून अंघोळ केली. आणि विनोद म्हणून सांगायचो. शॉवरचा तो फोटो बघताना मला पहिले ते मालकच आठवले, आणि मग वाटलं की नाशिकच्या त्या पोरीच्या गोष्टीतला मालक मी आहे.

असो. आता पाजींच्या तक्रारी, कारण नुसतं गुणगान केलं की लोकांना वाटतं मेहुणा आहे. रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले, तीन वेळा आठवण करावी लागली. हे किरकोळ नाही. सी 2 दुरुस्त करायला जे 28 दिवस मिळतात (रिपोर्टमध्ये कमी लिहिले असतील तर तेवढेच) ते टेस्टिंगच्या दिवसापासून मोजतात, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. म्हणजे माझे अकरा दिवस त्यांच्या आळसात गेले. रिपोर्ट भाडेकरूंना द्यायची मुदतही 28 दिवस. आणि दुरुस्ती झाल्यावर काम झाल्याचं लेखी, जुन्या नापास रिपोर्टसकट, भाडेकरूंना आणि कौन्सिलला, दोघांना पाठवायचं असतं 28 दिवसांत. कौन्सिलला आपणहून पाठवायचं हे मला पाजींनी सांगितलं नाही, ते मी नियम वाचून शोधलं. सांगायला हवं होतं. शिवाय चार तास म्हणाले आणि लाइट सहा तास गेली, हैदराबादच्या पोराची ऑनलाइन टेस्ट होती, त्याला मी माझ्या गाडीत बसवून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर परीक्षा द्यायला लावली. पास झाला म्हणे.

आणि हे पण, ईआयसीआरमध्ये तुम्ही दिलेला फ्रिज, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन येत नाही. पण एचएमओ लायसन्सच्या अटीत असतं की मालकाने दिलेली विजेची उपकरणं सेफ ठेवायची आणि कौन्सिलने मागितलं तर तसं लिहून द्यायचं. त्यासाठी पॅट टेस्टिंग वेगळं करून घेतलं, 60 पौंड. टोस्टर नापास झाला, वायर दरवाज्यात सापडून चिरलेली. आठ पौंडांचा टोस्टर, टाकून दिला.

कोणी रिपोर्ट हातात दिला की मी आता आधी सर्किट मोजतो, बॉक्समधली आणि कागदावरची. मग रीडिंग वेगवेगळी आहेत का. मग "लिमिटेशन" म्हणून जो रकाना असतो तो, तिथे काय काय तपासलंच नाही ते लिहिलेलं असतं, पहिल्याच्या रिपोर्टात तो रकाना कोरा होता आणि दुसऱ्याच्या रिपोर्टात लिहिलं होतं की माळ्यावरची वायरिंग सामान भरल्यामुळे दिसली नाही. सामान माझंच. शेवटी पोरांना विचारतो, वायफाय गेलं होतं का.

पाजींना साडेचार स्टार, अर्धा त्या अकरा दिवसांचा कापला. मंगळवारी परत येतायत, प्रत्येक खोलीतले स्मोक अलार्म एकमेकांना जोडायला. ग्रुपवर टाकलं की सकाळी दहा ते बारा लाइट जाईल. तीन सेकंदांत उत्तर आलं, "काका, वायफाय पण?"